आठला किरण, नऊला बाण

नळ राजा बाहुक या नावानं ऋतुपर्णाचा सारथी झाला होता. अयोध्येहून रथ निघाला होता विदर्भातल्या कुंडिनपुराला. परंपरा सांगते की अमरावती जिल्ह्यातलं आजचं कौंडण्यपूर ते हेच. वाटेत बेहड्याचं झाड लागलं आणि ऋतुपर्णानं रथात बसल्या बसल्या सांगून टाकलं : या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि २०९५ फळं. दमयंतीच्या स्वयंवराला पोहोचायची घाई होती, तरी नळानं रथ थांबवला, झाड तोडलं आणि फळं मोजली. भरली तेवढीच! ही विद्या कुठली, असं त्यानं विचारलं, तेव्हा ऋतुपर्णानं दोन गोष्टी एका दमात सांगितल्या : मला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, ठाऊक आहे आणि गणनेत मी तरबेज आहे.

त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. आज आपल्याला बेहडा माहीत असतो तो त्रिफळा चूर्णातला.

ही कथा महाभारताच्या आरण्यकपर्वात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली सुरू झालेलं हे काम १९६६ साली पुरं झालं. त्यातलं आरण्यकपर्व स्वतः विष्णु सीताराम सुखठणकरांनी संपादित केलं. पुढे पुण्यातच जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ विद्याधर गोडांबे यांचं या कथेकडे लक्ष गेलं. थोड्या नमुन्यावरून सगळ्याचा अंदाज कसा बांधायचा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांच्याकडून ती इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाला कळली आणि संभाव्यतेच्या उगमावरच्या त्याच्या १९७५ सालच्या पुस्तकात आली. फाशांचं मर्म आणि मोजण्याचं शास्त्र एकाच माणसाकडे असावं, हे कथाकाराला इतक्या पूर्वी सुचलं, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

हे मर्म आज हातात घेऊन पाहायचं असेल, तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळून पाहावं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणलेला हा खेळ. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि प्रत्येक धोक्याचा निकाल फाशांवर लावायचा. जादूगाराचं पात्र घेतलं की पहिला प्रश्न पडतो : कोणता मंत्र भारी?

एकाच किमतीचे दोन मंत्र घेऊ. ‘मॅजिक मिसाइल’ दुसऱ्या पातळीवर टाकला की चार बाण सुटतात. प्रत्येक बाणासाठी चार बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात एक मिळवायचा; येईल तेवढा शत्रूचा जीव घटतो. बाणाची सरासरी साडेतीन, म्हणून चार बाणांचे १४. समोरच्यानं खास संरक्षक मंत्र वापरला नाही, तर हे बाण चुकतच नाहीत. ‘स्कॉर्चिंग रे’मध्ये तीन किरण असतात, प्रत्येकाला सहा बाजूंचे दोन फासे. किरणाची सरासरी ७, तिघांची २१. इथे मात्र प्रत्येक किरणासाठी आधी वीस बाजूंचा फासा टाकून नेम लागला का ते बघावं लागतं. त्यावर वीस पडले, तर त्या किरणाचे फासे दुप्पट.

समजा, नेम लागायला आठ किंवा जास्त हवेत. वीसपैकी १३ बाजू आपल्या. दुप्पट होण्याची शक्यता धरून किरणांची सरासरी येते १४.७. म्हणजे किरण पुढे, पण जेमतेम. आता शत्रूचं चिलखत एका आकड्यानं भक्कम करा, आठऐवजी नऊ लागू द्या. सरासरी उतरते १३.६५ वर आणि बाण पुढे जातात. एका आकड्यानं निवड उलटली! मंत्र तेच, फासे तेच.

सरासरीच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली असते. बाणांचा आकडा ८ ते २० यांच्या बाहेर कधी जात नाही. किरणांचा शून्यापासून ७२ पर्यंत कुठेही जाऊ शकतो. आठला नेम लागत असतानाही साधारण तेवीस डावांत एकदा तिन्ही किरण वाया जातात. म्हणून शत्रूत आठच पॉइंटांचा जीव उरला असेल, तर बाण टाकावेत, तो पडणारच. राक्षस महाबळी असेल आणि आपलं मरण समोर दिसत असेल, तर मात्र ७२ ची आशा किरणांतच.

‘फायरबॉल’ या दोघांहून महाग, तिसऱ्या पातळीचा. सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. आठही फाशांवर सहा पडून ४८ होण्याची शक्यता १६,७९,६१६ मध्ये एक. उलट चारातल्या सुमारे तीन वेळा बेरीज २३ ते ३३ मध्येच येते. एकटा फासा लहरी असतो. आठ एकत्र आले की एकाची घट दुसऱ्याची वाढ भरून काढते आणि बेरीज मधल्या आकड्यांभोवती गर्दी करते. शिवाय वीस फूट त्रिज्येत जे जे सापडतील, त्या सगळ्यांना हा जाळ लागतो, आणि ज्यानं चपळाईनं अंग चोरलं त्यालाही अर्धा तरी बसतोच. एकटा शत्रू आणि पाचांचा घोळका यांत या मंत्राचं मोल पाचपट बदलतं.

उरतो खर्च. वरच्या पातळीचे मंत्र दिवसातून मोजकेच टाकता येतात, आणि इथे सरासरी मुकी होते. इंद्रानं कर्णाला दिलेली शक्ती अमोघ होती, पण एकदाच वापरता येणारी. ती त्यानं अर्जुनासाठी राखली होती. युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कचानं कौरवसेनेची दाणादाण उडवली, तेव्हा ती त्याच्यावर टाकावी लागली. शक्ती चुकली नाही, घटोत्कच पडला. पांडव शोक करत होते आणि कृष्णाला मात्र हर्ष झाला, कारण त्यानं हिशेब पुढच्या दिवसांचा मांडला होता.

म्हणून मंत्र निवडताना पुस्तकातला मोठा आकडा पाहून थांबू नये. नेम कितीला लागतो, समोर किती जण आहेत, त्यांच्यात जीव किती उरलाय आणि हा मंत्र आज पुन्हा हाती येणार आहे का, हे विचारावं. त्यासाठी लागणारं गणित बेरीज, गुणाकार आणि सरासरी एवढंच आहे. शाळकरी पोरालाही ते जमतं, आणि एकदा जमलं की फासा नुसता नशिबाचा राहत नाही.