आधी रफीक, मग तरीक

साखरखेर्ड्याच्या शिवारात नांगर चालला की वर येते ती काळी माती ज्वालामुखीचीच देणगी आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसून त्याचा काळा दगड झाला आणि तो झिजून ही माती झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवरालाही पूर्वी काही जण ज्वालामुखीचे तोंड समजत. ते उल्कापाताने झाल्याचे पुढे सिद्ध झाले. ज्वालामुखीशी आमची ओळख एवढीच. बर्फाशी तर फ्रीजपुरतीच.

म्हणून गेल्या ईदला पुण्याहून आलेल्या मुलाने मोबाइलवर एक पांढरा डोंगर दाखवून, "अब्बा, मित्राबरोबर यावर चढायचे आणि स्कीवरून घसरत उतरायचे आहे," असे सांगितले, तेव्हा आम्ही गप्पच झालो. त्याच्या अम्मीने मात्र उंची विचारली नाही की खर्च विचारला नाही. तिने विचारले, "सोबत कोण आहे?"

डोंगराचे नाव एल्ब्रुस. रशियाच्या दक्षिणेला, कॉकेशस पर्वतात. उंची 5,642 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून अधिक. युरोपातले सर्वांत उंच शिखर म्हणून ते गणले जाते. हा निद्रिस्त ज्वालामुखी आहे. शेवटचा उद्रेक सुमारे 2,000 वर्षांपूर्वीचा. त्याला दोन शिखरे आहेत आणि अंगावर वीसहून अधिक हिमनद्या. पायथ्याच्या खोऱ्यांत बल्कार आणि कराचाय हे मुसलमान लोक राहतात. 1829 मध्ये रशियन विज्ञान अकादमीची मोहीम इथे आली. बारावीच्या पुस्तकात ज्यांचा नियम शिकवतात ते लेंझही तीत होते. ऊन चढले, बर्फ मऊ पडला आणि शिखर थोडक्यात राहिले असताना लेंझ यांना मागे फिरावे लागले. किलार खाशिरोव नावाचा स्थानिक वाटाड्या मात्र पहाटेच्या थंडीने बर्फ घट्ट असतानाच पुढे निघाला होता. पूर्व शिखरावर पोहोचलेला पहिला माणूस तोच मानला जातो. 1874 साली पश्चिम शिखराकडे गेलेल्या इंग्रज गिर्यारोहकांनाही बल्कार वाटाड्या अखिया सोत्तायेव्हची साथ होती.

आज दोरवाहिनी 3,847 मीटरपर्यंत नेऊन सोडते. त्यामुळे डोंगर सोपा वाटतो, आणि धोका तिथेच सुरू होतो. शिखरावर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. घाई केली तर मेंदूला सूज येऊ शकते. अशा वेळी माणूस अडखळतो, बरळतो, पण "मी ठीक आहे" असेच म्हणत राहतो. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालता येते का, हे सोबत्यानेच पाहायचे असते. तोल गेला तर तिथूनच खाली उतरायचे. शिखर शंभर पावलांवर असले तरीही.

स्की करणाऱ्याचे गणित आणखी नाजूक. चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात. केस एकाच दिशेचे असल्याने पाय पुढे सरकतो, मागे घसरत नाही. टाच मोकळी असते. वर पोहोचल्यावर पट्ट्या काढून टाच जखडायची आणि उतरायचे. फार लवकर निघालात तर बर्फ काचेसारखा कडक, पडलेला माणूस थांबत नाही. फार उशीर केला तर तो भुसभुशीत होतो आणि भेगांवरचे बर्फाचे पूल कच्चे पडतात. धुक्यात वाट चुकली तर त्या भेगा दिसतही नाहीत. म्हणून एकाने उतरायचे, दुसऱ्याने नजर ठेवायची. मग पहिल्याने थांबून दुसऱ्याला पाहायचे.

दोघांच्याही अंगावर संदेश देणारे यंत्र असते, पाठीवर फावडे आणि लांब काठी. हिमकडा कोसळून कुणी गाडला गेला, तर जगण्याची खरी आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. तेवढ्यात बचाव पथक पोहोचणे कठीण. खणून काढतो तो मित्रच. अरबीत म्हण आहे, आधी रफीक, मग तरीक. आधी सोबती शोधा, मग वाट धरा. तिचा इतका शब्दशः अर्थ आम्हाला पूर्वी कधी कळला नव्हता.

23 सप्टेंबर 2021 रोजी याच एल्ब्रुसवर 5,000 मीटरच्या वर 19 जणांचा गट हिमवादळात सापडला आणि पाच जण गेले. हेही आम्ही मुलाला वाचून दाखवले. आणि औरंगाबादच्या पोलीस दलातल्या शेख रफीक यांचेही सांगितले. मे 2016 मध्ये ते एव्हरेस्टवर पोहोचले, पण त्याआधी त्यांना शिखर न गाठताच परतावे लागले होते. परतले म्हणूनच पुन्हा जाता आले.

पुढच्या सुटीत मुलगा त्या मित्राला घेऊन आला. मुलगा मेहकरकडचा, बोलायला कमी. जेवण झाल्यावर आम्ही एकच विचारले, "वर गेल्यावर एक म्हणाला चला, दुसरा म्हणाला फिरा, तर कुणाचे ऐकायचे?"

आमचा मुलगा विचारात पडला. मित्र म्हणाला, "फिरा म्हणणाऱ्याचे. कारण विचारायचे नाही. ते खाली आल्यावर."

थोड्या वेळाने त्यानेच सांगितले की स्कीवर दोघेही अजून कच्चे आहेत. एल्ब्रुसआधी गुलमर्गला शिकायला जायला हवे. आमच्या मुलाचे तोंड उतरले, पण तो नाही म्हणाला नाही.

त्याच्या अम्मीने अजून होकार दिलेला नाही. निघताना तिने त्या मुलाच्या आईचा फोन नंबर मात्र लिहून घेतला.