किडनी म्हणजे मोरी नव्हे

ऐन लावणीत काकांना ताप आला. पोटऱ्या इतक्या ठणकत होत्या की खाटेवरून पाय खाली टेकवत नव्हता. डोळे लालभडक. चौथ्या दिवशी रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, लेप्टो दिसतोय, किडनीवर परिणाम झालाय. काकांना ते पटेचना. "अरे, सकाळपासून चार वेळा जाऊन आलो. लघवी साफ होतेय. किडनी कशी बिघडेल?"

आमच्या रत्नागिरीत हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो, कारण किडनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोरी येते. वरून ओतलं, खालून वाहून गेलं. वाहतंय तोवर ठीक, तुंबली तर बादलीभर पाणी मारायचं. किडनीबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका चित्रातून निघाले आहेत, म्हणून आधी ते चित्रच बदलायला हवं.

हृदय दर मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकतं. त्यातलं लिटरभर, म्हणजे पाचवा हिस्सा, मुठीएवढ्या दोन किडन्यांकडे जातं. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो. तिथे रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं आत राहतात. पाणी, मीठ, साखर, युरिया असं बाकीचं सगळं पलीकडे उतरतं. असं दिवसाला १८० लिटर. दुकानात पाण्याचे वीस लिटरचे जार येतात ना, तसे नऊ जार. आणि आपण लघवी करतो ती दीड लिटरच्या आसपास. मग उरलेलं जातं कुठे? ते परत रक्तात घेतलं जातं. गुंत्याच्या पुढे जी लांब नागमोडी नलिका असते ती साखर जवळजवळ सगळी परत घेते, मीठ आणि पाणी गरजेपुरतं घेते, पोटॅशियम आणि आम्ल यांचा हिशेब ठेवते. गाळणं हे त्यातलं सोपं काम. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे क्षणाक्षणाला ठरवणं हे किडनीचं खरं काम. शिवाय रक्तपेशी तयार करण्याचा निरोप हाडांच्या मगजाला तीच पाठवते, ड जीवनसत्त्व कामाला लावते, रक्तदाब सांभाळते. जुन्या किडनीविकाराचा माणूस फिकट दिसतो आणि दोन पायऱ्या चढून दमतो, तो रक्तपेशींचा हा निरोप कमी पडल्यामुळे.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. लेप्टोचे जंतू उंदराच्या किडनीतल्या नलिकांत मुक्काम करतात आणि त्याच्या लघवीतून खाचरातल्या पाण्यात उतरतात. चिखलात दिवसभर उभं राहिलेल्या माणसाच्या पायाला भेग असली, खरचटलेलं असलं की तिथून आत शिरतात. म्हणजे एका किडनीतून निघून दुसऱ्या किडनीत. या आजारात पुष्कळदा नलिकांची परत घेण्याची ताकद आधी जाते. त्यामुळे लघवी होत राहते, पण ती नुसतं पाणी आणि क्षार वाया घालवणारी लघवी. युरिया आणि क्रिएटिनिन असा कचरा रक्तातच साठत जातो. लघवी किती झाली यावरून तिच्यातून काय बाहेर पडलं हे कळत नाही. ते रक्त तपासूनच कळतं.

पुढे काकांची लघवीही कमी झाली आणि डायलिसिसचा विषय निघाला. मग वाडीतून माणसं येऊन सांगू लागली, "मशीनला लावू नका. एकदा लागलं की सुटत नाही." या एका वाक्याने आमचा एक अख्खा दिवस खाल्ला. काका सहीच करेनात.

मला कळकळीने सांगावंसं वाटतं की हा गैरसमज सगळ्यांत घातक आहे, आणि कोकणात तर दुप्पट घातक. कारण आपल्याकडे किडनी अचानक बंद पाडणारी कारणं घराच्या आसपासच आहेत: पावसात लेप्टो, कातळावर आणि गवतात घोणस, फुरसं, जुलाब-उलट्यांनी पाणी आटणं. यात बऱ्याचदा किडनी मेलेली नसते, मार खाऊन निपचित पडलेली असते. तिला सावरायला दोन-तीन आठवडे हवे असतात आणि तेवढे दिवस रक्त साफ ठेवायचं काम यंत्र करतं. यंत्रामुळे किडनी आळशी होत नाही. ज्यांची किडनी मधुमेहाने किंवा रक्तदाबाने वर्षानुवर्षं झिजत गेली, त्यांना डायलिसिस कायमचं लागतं. पण ते किडनी संपल्यामुळे, डायलिसिस सुरू केल्यामुळे नव्हे. काकांना पाच वेळा लागलं. नंतर लघवी वाढत गेली, क्रिएटिनिन उतरलं, आणि हातात मशीनची नळी नसलेला माणूस घरी आला.

कायमचं डायलिसिस म्हणजे आयुष्य संपलं, हेही खरं नाही. जयप्रकाश नारायण यांची किडनी १९७५ साली आणीबाणीच्या कैदेत निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं. त्यानंतर त्यांनी १९७७ ची निवडणूक देशभर पेटवली आणि ते १९७९ पर्यंत जगले. तेव्हा डायलिसिस मोठ्या शहरात जाऊन करावं लागायचं. आता सरकारी योजनांतून ते जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतं.

"पाणी भरपूर प्या, किडनी धुऊन निघेल." मोरीचंच चित्र पुन्हा. निरोगी माणसाने तहानेप्रमाणे प्यावं. वैशाखात आंबा काढणाऱ्याने तहान लागायची वाट न पाहता प्यावं. त्याहून जास्त पाण्याने किडनी उजळत नाही. आणि ज्याची लघवीच बंद झाली आहे त्याच्यासाठी पाणी हेच संकट असतं. डायलिसिसच्या खोलीत दाराशी वजनकाटा असतो. माणूस आत जाताना त्यावर चढतो आणि बाहेर पडताना पुन्हा चढतो. दोन दिवसांत वाढलेलं दोन-अडीच किलो हे अंगावर धरलेलं मांस नसतं, ते सगळं पाणी असतं. पेज, चहा, ताक, कोकम सरबत सगळं त्यात मोजलं जातं. एक बाई काट्यावर चढण्याआधी चपला काढून, पदर सावरून, डोळे मिटून उभ्या राहायच्या. आकडा नर्सने वाचेपर्यंत उघडायच्या नाहीत.

नारळपाण्याचंही तसंच. आजाऱ्याला शहाळं न्यायचं ही आपली रीत, त्यामागची माया खरी आहे. पण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. बिघडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात वाढलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. किडनीच्या रुग्णाला भेटायला जाताना शहाळं नेऊ नका. बिनमिठाच्या पथ्यासाठी बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठही नको, त्यातही पोटॅशियमच असतं. सैंधव वेगळं म्हणावं, तर तेही सोडियमचंच मीठ आहे.

नैसर्गिक आहे, परसातलं आहे, म्हणजे निर्धोक आहे, असं आपण धरून चालतो. परसातलीच बिलिंबी घ्या. आमटीत दोन-चार टाकली तर काही होत नाही. पण केरळात कोलेस्टेरॉल उतरेल म्हणून तिचा घट्ट रस प्यायलेल्यांच्या किडन्या अचानक बंद पडल्याची नोंद डॉक्टरांनी केली आहे. तिच्यातल्या ऑक्झॅलेटचे स्फटिक नलिकांत जाऊन बसतात. कापल्यावर चांदणी दिसते ते कमरखही त्याच कुळातलं. किडनीच्या रुग्णाला त्याने उचकी, गोंधळ आणि झटकेसुद्धा येऊ शकतात.

ऑक्झॅलेटवरून मुतखड्याकडे वळतो. टोमॅटोच्या बिया साठून खडा होतो हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. बी आतड्यातून बाहेर पडते, रक्तात शिरतच नाही, तर किडनीत पोचणार कशी? खडा होतो तो लघवी घट्ट झाल्यामुळे. उन्हात राबणारा, कमी पिणारा, सुकी मासळी आणि लोणचं जास्त खाणारा माणूस त्याच्या तावडीत सापडतो. इथे मात्र पाणी खरंच औषध आहे. कॅल्शियमचा खडा म्हणून दूध तोडणं चूक, कारण जेवणातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच धरून ठेवतं. कुळथाचं कढण घ्यायला हरकत नाही, त्यानिमित्ताने पातळ पोटात जातं. पण कॅल्शियम ऑक्झॅलेटचा खडा त्याने विरघळत नाही. लहान खडे बहुधा आपोआप पडतात आणि श्रेय त्या दिवशी जे घेतलं असेल त्याला मिळतं. अडकलेल्या खड्याचं दुखणं कधीकधी थांबतं आणि माणूस निश्चिंत होतो. आत मात्र लघवी तुंबून किडनी फुगत असते. दुखायचं थांबलं तरी सोनोग्राफी करून खडा पडल्याची खात्री करावी.

खडा ओरडून सांगतो तरी. मधुमेह आणि रक्तदाब काहीच बोलत नाहीत. कंबर धरून "किडनी दुखतेय" म्हणणाऱ्या बहुतेकांची किडनी ठणठणीत असते, ती कमरेच्या वर बरगड्यांखाली असते. आणि ज्याची खरोखर झिजत असते त्याला दुखतच नाही. क्रिएटिनिनसुद्धा जवळपास निम्मं काम गेल्यावर ठळक वाढतं. त्याआधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जायला लागतं, आणि ते साध्या तपासणीत सापडतं. मधुमेही माणसाने ती वर्षातून एकदा करावीच. गुडघ्यांसाठी रोज स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या आमच्या आत्या-मावश्यांनीही करावी. लावणीची कंबर आणि कलमांवर चढउतार केलेले खांदे त्या गोळ्यांवर चालतात हे मला माहीत आहे. त्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्ताचा ओघ आवळतात, हेही माहीत असायला हवं.

शेवटचा गैरसमज देण्याबद्दलचा. किडनी दिली की माणूस कामातून गेला, असं सर्रास म्हणतात. कसून तपासणी करूनच दात्याची निवड होते. मागे राहिलेली किडनी थोडी मोठी होऊन बरंचसं काम उचलते, दाता पुन्हा कामाला लागतो; मात्र त्याने दरवर्षी तपासून घ्यायला हवं. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आहेत: आया, पत्नी, बहिणी. घेणाऱ्यांत पुरुष जास्त. हे मला सलतं, आणि प्रत्येक घराने त्यावर बोलावं असं वाटतं.

जुन्या किडन्या काढून नवी तिथे बसवतात असंही लोकांना वाटतं. त्या सहसा जागच्या जागी ठेवतात. आईची किडनी मुलाच्या ओटीपोटात, एका बाजूला, मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. तोवर ती फिकट, थंड असते. शल्यविशारद चिमटे सोडतो, मुलाचं रक्त तिच्यात शिरतं, ती गुलाबी होते, टणक होते. आणि पुष्कळदा काही मिनिटांतच, टाके पडायच्या आधी, तिथेच टेबलावर मूत्रनलिकेच्या टोकाशी लघवीचा पहिला थेंब येतो.