अश्वसहवास आणि मनोवेगांचे धारण

नेवासा तालुक्यातील घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी सर्वपरिचित आहे. जनावर हाताळणारा जाणकार प्रथम स्वतः स्थिर होतो, हा ग्रामीण अनुभव गावाच्या नावातील अश्वाला तर विशेष लागू पडतो.

घोडा हा पलायनाने जीव वाचविणारा प्राणी असल्याने समीपच्या व्यक्तीचा ताण तो त्वरित ओळखतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात, घोड्यासमोर छत्री उघडली जाईल असे त्याला चालविणाऱ्यांना सांगण्यात आले. छत्री उघडलीच नाही. तरीही माणूस व घोडा दोघांचीही हृदयगती वाढली. २०१६ मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २८ घोड्यांना मानवी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली असता रागीट चेहरा पाहून त्यांची हृदयगती अधिक वेगाने वाढल्याचे आढळले.

चरकाचार्यांनी नवेगान्धारणीय अध्यायात अश्रूंचा वेग अधारणीय, तर क्रोध, भय, शोक इत्यादी मनोवेग धारणीय सांगितले आहेत. रडू दाबू नये, राग मात्र आवरावा, हा भेद चिकित्सेत महत्त्वाचा आहे. रागावलेल्या व्यक्तीने लगाम ओढताच घोडा बिचकतो. श्वास संथ करून हात सैल सोडल्यास तो निवळू लागतो. उपदेश वा अपमान न होता रुग्णास स्वतःचा वेग तत्क्षणी दिसतो. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजे सत्त्वावजय. त्याचाच हा प्रत्यक्ष अभ्यास होय. कठोपनिषदातही इंद्रियांना अश्व व मनाला लगाम म्हटले आहे.

तथापि, या उपक्रमाविषयीचे पुरावे अद्याप मर्यादित आहेत. तो औषधोपचारास पूरक आहे, पर्यायी नव्हे. तीव्र नैराश्य, आत्मघाताचे विचार वा उन्माद असल्यास मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब करू नये. सहवास प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच असावा, घोड्याच्या पाठीमागे उभे राहू नये आणि धनुर्वाताची लस घेतल्याची खात्री करावी; अश्वशाळेतील माती व लीद यांत त्या रोगाचे जंतू असू शकतात.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. चिंता व अनिद्रेसाठी अश्वगंधा मागणारा ग्राहक नित्य येतो. त्याला झोपेची औषधे, थायरॉईड, यकृतविकार व गर्भावस्था यांविषयी विचारून वैद्याकडे पाठवावे. वनस्पतीच्या नावात अश्वाचा गंध आहे. परंतु लगाम धरण्याचा अभ्यास रुग्णालाच करावा लागतो, आणि तो शिकविणे हे आपले कर्तव्य आहे.