पाहुणा डिझायनर वर्गात आला, तर त्याच्याकडून नेमकं काय शिकायचं?

कॉलेजात बाहेरून कोणी नावाजलेले डिझायनर येणार असले की काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच असेल. पुष्पगुच्छ येतो, ओळख करून देण्यात पंधरा मिनिटं जातात. मग पाहुणे पडद्यावर एकामागून एक कामं दाखवतात: लोगो, पॅकेजिंग, पुस्तकांची मुखपृष्ठं. शेवटी 'कुणाला काही प्रश्न?' म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो, "सर, तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" टाळ्या, फोटो, चहा-समोसा. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं, काय शिकलात, तर 'भारी होतं'च्या पुढे गाडी जात नाही.

मी स्वतः अशा बऱ्याच सभागृहांत मागच्या रांगेत बसलेली आहे. आता पीएचडी करतेय ती याच्याच आसपासच्या प्रश्नावर: हातात मुरलेलं ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं कसं? घरचे विचारतात, "म्हणजे तू नक्की करतेस काय?" आजचा लेख त्यांच्यासाठीही आहे. पण मुख्यतः तुमच्यासाठी, म्हणजे जे उपयोजित कलेच्या किंवा डिझाइनच्या वर्गात बसलेले आहेत आणि ज्यांच्याकडे पुढच्या महिन्यात कोणीतरी येणार आहे.

दिसतं ते शिकता येतं

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचं १९९१ सालचं एक छोटंसं पुस्तक आमच्या क्षेत्रात सगळ्यांनाच वाचावं लागतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शिकणं म्हणजे डोक्यात माहिती भरणं नव्हे, तर काम करणाऱ्यांच्या गोतावळ्यात हळूहळू सामील होत जाणं. नवखा माणूस आधी कडेला उभा राहतो, छोटं पण खरं काम करतो आणि तिथून आत सरकतो. लायबेरियातले शिकाऊ शिंपी त्यांनी उदाहरणादाखल घेतले आहेत. ही मुलं सुरुवात कापड बेतण्यापासून करत नाहीत. आधी बटणं लावणं, काठ दुमडणं अशी शेवटची कामं करतात. त्यातून पूर्ण कपडा कसा असतो ते हातांना कळतं, आणि मग उलट्या वाटेने ती कापणीपर्यंत पोहोचतात.

त्याच पुस्तकात एक फसलेलं उदाहरणही आहे, आणि मला तेच जास्त आवडतं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधले मांस कापणारे शिकाऊ. काही दुकानांत या मुलांना पाकिटं गुंडाळायच्या मशीनवर उभं केलं जाई, आणि अनुभवी कारागीर जिथे कापणी करत ती जागा तिथून दिसतच नसे. मुलं दुकानातच असत, पण समोर यायचं ते कापून झालेलं मांस. सुरी कशी फिरली, हे दिसायचं नाही.

आता आपलं सभागृह आठवा. पडद्यावरचं प्रत्येक तयार पोस्टर हे असंच गुंडाळलेलं पाकीट असतं. सुंदर असतं, पण सुरी कुठे फिरली ते त्यात दिसत नाही.

बोलत बोलत काढणं

मग सुरी दिसते कधी? डोनाल्ड शॉन या अभ्यासकाने १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात वास्तुरचनेच्या वर्गातला एक प्रसंग बारकाईने उलगडला आहे. एक विद्यार्थिनी शाळेची इमारत आखतेय. जागा उतारावरची, वेडीवाकडी. काही केल्या इमारत तिथे बसत नाही. शिक्षक येतात, तिच्या रेखाटनावर ट्रेसिंग पेपर ठेवतात आणि त्यावर काढू लागतात. काढता काढता बोलतात: इथे असं केलं तर तिथे काय होईल, हे चाललं नाही तर मागे येता येईल. शॉनचा मुद्दा असा, की जाणकार माणूस नियम आठवून काम करत नसतो. तो एक पाऊल टाकतो, समोरची परिस्थिती काय उत्तर देते ते ऐकतो, मग पुढचं टाकतो. हे त्याला वेगळं बसून सांगता येईलच असं नाही. करताना मात्र दिसतं.

म्हणूनच मला वाटतं, पाहुण्याच्या भेटीचं खरं मोल त्याच्या स्लाइड्समध्ये फारसं नसतं. तो एखाद्या कामाला हात लावतो आणि तोंडाने कारण सांगतो, त्या क्षणात असतं. आता माझ्याच वाट्याला आलेली तशी दहा मिनिटं सांगते.

माझं पोस्टर, भिंतीवर

पदवीच्या तिसऱ्या वर्षी एक बाई आमच्या वर्गात आल्या होत्या. प्रोजेक्टर नेमका बंद पडला. त्या म्हणाल्या, "मग तुमचंच काम लावा भिंतीवर." माझं नाट्यमहोत्सवाचं पोस्टर लागलं. त्या सरळ दारापर्यंत मागे गेल्या आणि तिथून बघत राहिल्या. मग तीन गोष्टी बोलल्या.

पहिली: मथळा हवेशीर दिसावा म्हणून मी अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं. त्यामुळे शिरोरेखा जागोजाग तुटली होती. "रोमन अक्षरं सुटी असतात, ती लांब केली तर चालतात. आपला शब्द एका रेघेला टांगलेला असतो. रेघ तुटली की शब्द सांडतो."

दुसरी: ओळींमधलं अंतर. सॉफ्टवेअरने आपणहून दिलेलं अंतर मी तसंच ठेवलं होतं. वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना आणि रफारांना जवळजवळ टेकत होते. देवनागरीत अक्षराच्या वर आणि खाली दोन्हीकडे वर्दळ असते, त्यामुळे तिला जास्त जागा लागते.

तिसरी: त्यांनी फाइल उघडायला लावली. बारीक मजकुराचा काळा रंग चारही शाया मिसळून तयार झाला होता. "छापताना प्लेट केसभर जरी सरकली तरी या बारीक अक्षरांना रंगीत सावली येईल. मजकूर नुसत्या काळ्यात ठेव."

यातलं एकही वाक्य त्यांच्या तयार भाषणात असेल असं मला वाटत नाही. 'देवनागरीबद्दल काही सांगा' म्हटलं असतं, तरी कदाचित हे निघालं नसतं. माझी चूक समोर आली म्हणून ते बाहेर पडलं. मायकल पोलानी नावाच्या विचारवंताने मांडलं होतं की माणसाला जेवढं सांगता येतं, त्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. ते जास्तीचं बाहेर काढायला समोर काहीतरी ठोस लागतं.

मग विचारायचं काय?

'प्रेरणा कुठून मिळते' याचं उत्तर पाठ झालेलं असतं. त्याऐवजी असं विचारून बघा:

– या कामाचे नापास झालेले मसुदे आहेत का? कोणता तुम्हाला आवडला होता आणि तरी का सोडला?
– क्लायंटने पहिल्यांदा काय मागितलं होतं, आणि त्याला खरं काय हवं होतं?
– छापून आल्यावर पोटात गोळा आला, असं कधी झालं?
– फाइल प्रेसला पाठवण्याआधी तुम्ही काय काय तपासता? आत्ता, आमच्यासमोर एक फाइल तपासाल?

शेवटचा प्रश्न म्हणजे शिंप्याची बटणं. शेवटचं काम कळलं की सुरुवातीचे निर्णय का घ्यायचे ते कळू लागतं. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड का सोडायचं, हे कटिंगचं पातं थोडं इकडेतिकडे होतं हे कळल्यावर पुन्हा पाठ करावं लागत नाही.

आणि हो, पैशांबद्दल विचारा. आपल्याकडे हे विचारायला लाज वाटते. माझं बाहेरचं पहिलं काम एका स्मरणिकेचं होतं. ठरलेल्या रकमेत मी अकरा वेळा बदल करून दिले, कारण कोटेशनमध्ये दुरुस्त्या किती वेळा ते लिहायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. त्याच बाईंनी जाता जाता ते सांगितलं होतं, असं मैत्रिणीच्या वहीत नंतर सापडलं. मी तेव्हा चहाला गेले होते!

थोडं सांभाळून

पाहुणा सांगेल ते सगळं ब्रह्मवाक्य नसतं. एकाची सवय म्हणजे धंद्याचा नियम नव्हे. शिवाय आपल्यासमोर येतात ते टिकलेले, यशस्वी झालेले लोक. 'मी रात्र रात्र जागलो म्हणून इथवर आलो' असं ते म्हणतील, पण जागूनही जे पोहोचले नाहीत त्यांना कोणी पुष्पगुच्छ देऊन बोलावत नाही. म्हणून कारण विचारत राहा. जिथे कारण कागद, शाई, वाचणारा डोळा किंवा व्यवहार यांच्याशी जोडलेलं असेल, तिथे विश्वास ठेवा. 'मला तसं आवडतं' असं असेल, तर ती त्यांची आवड म्हणून नोंदवा.

शिक्षकांनाही एक विनंती. पाहुण्यांना सभागृहाऐवजी वर्गात न्या. भिंतीवर मुलांचं अर्धवट काम लावा. जमलं तर महिन्याभराने त्यांनाच पुन्हा बोलवा, म्हणजे सांगितलेलं कामात उतरलं का ते दोघांनाही दिसेल.

हे एवढं ताणून का सांगतेय? ज्याचा काका प्रेसमध्ये आहे, ज्याची ताई एजन्सीत आहे, त्याला कापणीची जागा घरबसल्या दिसते. माझ्यासारख्या तालुक्याच्या गावाहून आलेल्यांना ती दिसायची संधी म्हणजे असे दोन तास. प्रोजेक्टर बंद पडेल या भरवशावर ते सोडू नका. पुढच्या वेळी अर्धवट पोस्टर घेऊन पहिल्या रांगेत बसा.