बिडाच्या पुलाला कार्बनचं बळ

इंग्लंडमधल्या न्यूपोर्ट पॅग्नेल गावातला टिकफर्ड पूल १८१० सालचा, बिडाचा. घोडागाड्यांच्या काळातल्या या पुलावरून आज मोटारी धावतात. भार वाढला, बीड तेच राहिलं. त्याचा स्वभाव आपल्याला घरातल्या तव्यावरून ठाऊक आहे: दाब हवा तेवढा सोसेल, पण ताण पडला की न वाकता, कसलीही चाहूल न देता तडकेल. वेल्डिंग करावं तर उष्णतेनेच चिरा पडायची भीती. भोकं पाडून पोलादी पट्ट्या बोल्टने आवळाव्यात तर मूळ अंगच कमजोर होतं.

१९९९ मध्ये या पुलाला इपॉक्सी या गोंदाने कार्बनतंतूंचं कापड चिकटवलं. बाकदार भागांवर कापड नीट बसतं. सरळ तुळयांना कार्बनच्या तयार पट्ट्या लावतात. पोलादाच्या साधारण एक-पंचमांश वजनाची ही पट्टी, त्यामुळे पुलावर तिचं ओझं जवळजवळ नाहीच. मात्र पुलाने आधीपासून पेललेला भार ती आपण होऊन उचलत नाही, नंतर येणाऱ्या भारातच वाटा घेते. म्हणून ऑक्सफर्डच्या हाइथ पुलाला पट्ट्या आधी ताणून मग लावल्या.

कौतुक सगळं कार्बनचं होतं. माझ्या मते खरी कसोटी गोंदाची आणि तो लावणाऱ्या हातांची. काँक्रीटवरची पट्टी निघाली तर बहुधा काँक्रीटचाच पापुद्रा घेऊन निघते. लोखंड असं सोलून निघत नाही. तिथे कच्चा दुवा म्हणजे मधला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा इपॉक्सीचा थर. म्हणून कणांचा जोरदार मारा करून जुना रंग, गंज, तेलकटपणा काढायचा, पृष्ठभाग उजळ आणि खरखरीत करायचा. मग त्याला उघड्या बोटाचाही स्पर्श नको आणि काही तासांतच चिकटवणं उरकायचं, नाहीतर गंज पुन्हा धरतो. कार्बनमधून वीज वाहते. ओलाव्यात तो लोखंडाला थेट टेकला तर दोघांची बॅटरी होते आणि झिजतं ते लोखंड. म्हणून मध्ये काचतंतूंचा पातळ थर घालतात. पट्टीच्या टोकांशी सोलणारा ताण एकवटतो, तिथे ती निमुळती करतात.

उन्हाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे जास्त मोलाचा. लोखंड तापून प्रसरण पावतं, कार्बन तंतूच्या दिशेने जवळजवळ नाहीच. ही ओढाताण गोंदाला सोसावी लागते. त्यातून साध्या हवेत घट्ट होणारे बरेच इपॉक्सी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या तुळईला हात लावून पाहा. तिथे इंग्लंडमधला गोंद जसाच्या तसा वापरून चालणार नाही.

काम झाल्यावर तपासणीची एक पद्धत अगदी साधी आहे. आपण बाजारात मडकं वाजवून घेतो, तसा कारागीर पट्टीवर हलकेच ठोकत जातो. जिथे आवाज बद्द येतो, तिथे खाली पोकळी आहे असं समजून खुणेची रेघ ओढतो आणि पुढे सरकतो.