भिंतीपाशी बोटभर फट

बालमित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं दार आहे का, जे उन्हाळ्यात एका बोटाने लोटलं तरी लागतं, पण आषाढात मात्र खांद्याने रेटावं लागतं? "दार फुगलंय," असं घरातली मोठी माणसं म्हणतात. आज मी तुम्हांला दाराची नाही, तर फुगलेल्या जमिनीची गोष्ट सांगणार आहे. ती जमीन आमच्याच घरातली!

आमचं घर कोकणात, संगमेश्वर तालुक्यात. खालची जमीन शेणाने सारवलेली आणि वर माडी. माडीची जमीन लाकडाची. जाड तुळया, त्यांच्यावर कड्या आणि कड्यांवर फळ्या ठोकलेल्या. या फळ्यांच्या कामाला तक्तपोशी म्हणतात. मी पाचवीत होते तेव्हा पावसात कौलं सरकली, पाणी गळलं आणि माडीच्या एका खोलीतल्या फळ्या कुजल्या.

पुढच्या मे महिन्यात बाबा मुंबईहून पंधरा दिवसांच्या रजेवर आले. वखारीतून नव्या सागवानी फळ्या आणल्या. प्रत्येक फळीच्या एका कडेला लांबट जीभ आणि दुसऱ्या कडेला तेवढीच खाच. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते. चांगल्या खडखडीत वाळाव्यात म्हणून बाबांनी त्या खळ्यात उन्हात मांडल्या.

सुतारकाका आले. त्यांनी एका फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, आता ह्या उन्हातून उचला. माडीवर नेऊन रचा, मध्ये बारीक पट्ट्या घाला, वारं खेळू दे. दहा-पंधरा दिवस घरची हवा लागू दे त्यांना, मग ठोकू. आणि भिंतीपाशी बोटभर फट सोडू."

"अहो, तोवर माझी रजा संपेल की!" बाबा म्हणाले. "आणि नवी जमीन करायची ती काय फट ठेवायला?"

"बघा बुवा. लाकूड आहे ते," एवढंच बोलून सुतारकाका दुसऱ्या कामावर गेले.

मग बाबा आणि काकांनीच करवत-हातोडी हातात घेतली. तीन दिवसांत खोली पुरी! शेवटची फळी काही केल्या आत जाईना, तेव्हा बाबांनी ती ठोकून ठोकून बसवली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमीन कशी आरशासारखी सपाट! आम्ही मुलांनी त्यावर कॅरम मांडला. सुतारकाकांना उगीच काळजी, असं मलाही वाटलं.

जून गेला. जुलैत पावसाची झड लागली. एका रात्री माडीवर 'काड्' असा आवाज झाला. सकाळी पाहतो तर काय, मांजराने पाठ उंच करावी तशी जमीन मधोमध चार बोटं वर आलेली! खिळेसुद्धा उपटून निघाले होते. त्याच संध्याकाळी वीज गेली. आजी कंदील घेऊन वर आली आणि त्या उंचवट्याला ठेचकाळून पडली. नशीब, कंदील विझला! पण आजीचं मनगट महिनाभर बांधून ठेवावं लागलं.

असं का झालं? ऐका. लाकूड म्हणजे असंख्य बारीक नळ्यांची मोळीच. झाड उभं असताना या नळ्यांतून पाणी मुळांपासून पानांपर्यंत चढतं. झाड तोडलं, फळ्या केल्या, तरी लाकूड हवेतला ओलावा घेतच राहतं आणि हवा कोरडी झाली की तो परत देतं. हवेची आर्द्रता ५० टक्के असेल, तर पूर्ण वाळलेल्या १०० ग्रॅम लाकडात साधारण ९ ग्रॅम पाणी मुरतं. आर्द्रता ८० टक्के झाली की हेच पाणी १६ ग्रॅमच्या आसपास जातं. पाणी आलं की नळ्यांच्या भिंती जाड होतात. म्हणून फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगते. सागवान इतर पुष्कळ लाकडांपेक्षा कमी फुगतं, पण फुगतं हे नक्की.

आता थोडं गणित करू. समजा, खोली ३ मीटर रुंद आहे आणि फळी १० सेंटिमीटरची. म्हणजे ३० फळ्या. प्रत्येक फळी १ मिलिमीटर फुगली, तर एकूण वाढ ३० मिलिमीटर, म्हणजे ३ सेंटिमीटर! त्यातली २ सेंटिमीटर फळ्यांमधल्या बारीक फटींत जिरली असं धरा. उरली १ सेंटिमीटर. दोन्हीकडे भिंत, तेव्हा जमिनीने जावं कुठे? वरच! दोन्ही टोकं भिंतींना टेकलेली आणि मध्ये तंबूसारखा उंचवटा धरला, तर त्याची उंची १२ सेंटिमीटर होते. खरं नाही वाटत? आठवी-नववीतल्या ताई-दादांनी पायथागोरसच्या प्रमेयाने पडताळून पाहावं. आमच्याकडे बाकीच्या खिळ्यांनी जमीन धरून ठेवली, म्हणून चार बोटांवर भागलं.

गणपतीला बाबा आले. आजीचा हात पाहून गप्पच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन सुतारकाकांना घेऊन आले आणि आम्हां सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी." बाबांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. सुतारकाका मात्र "असू दे, असू दे" म्हणत कामाला लागले. त्यांनी भिंतीकडची फळी काढली, करवतीने दोन बोटं अरुंद केली आणि मधल्या फळ्या हळूहळू खाली बसवल्या. भिंतीपाशी राहिलेली फट एका पट्टीने झाकली. ती पट्टी त्यांनी भिंतीला ठोकली, फळीला नाही. मी विचारलं, "असं का?" तर म्हणाले, "पोरी, खालून फळीला सरकता आलं पाहिजे!"

तुमच्या घरी कधी लाकडी जमीन करायची ठरली, तर आई-बाबांना एवढं जरूर सांगा. खालचा काँक्रीटचा थर पूर्ण वाळलेला हवा. तो सपाट आहे की नाही, हे पाणसळ लावून पाहायचं. फळ्या ज्या खोलीत बसवायच्या, त्याच खोलीत काही दिवस ठेवायच्या. फळ्यांचे सांधे एका रेषेत आणायचे नाहीत, विटांच्या भिंतीसारखे मागेपुढे ठेवायचे. आणि चारही भिंतींपाशी फट!

हो, एक गंमत राहिलीच. सागवान हे 'हार्डवूड', पण हार्डवूड म्हणजे टणक लाकूड असा अर्थ नाही बरं का! सपुष्प, साधारणपणे रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाला हार्डवूड म्हणतात. देवदार, चीड यांचं ते सॉफ्टवूड. खेळण्यातली विमानं ज्याची करतात ते बाल्सा नखाने दाबलं तरी खड्डा पडेल इतकं मऊ असतं, पण तेही हार्डवूडच!

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. घरातलं एक लाकडी दार निवडा. मे महिन्यात ते बंद करून दार आणि चौकट यांच्या फटीत जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे एकावर एक धरून सरकवा. किती तुकडे मावले, ते वहीत लिहा. जागेवर पेन्सिलीने खूण करा. जुलैत त्याच जागी पुन्हा मोजा आणि मग दिवाळीच्या सुट्टीत आणखी एकदा. तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून पाहा.

आणि पावसाळ्यात दार अडकलं म्हणून कोणी लगेच रंधा मारायला निघालं, तर त्यांना थांबवा. म्हणावं, थोडं थांबा. हवा कोरडी झाली की दार आपोआप सैल होईल. आत्ता जास्त तासलंत, तर उन्हाळ्यात फटीतून पाल आत येईल!

आमच्या माडीवरची ती जमीन आजही तशीच आहे. दर पावसाळ्यात फळ्या त्या पट्टीखाली गुपचूप सरकतात, उन्हाळ्यात परत येतात. आम्हांला कळतसुद्धा नाही.