विश्लेषण : ऑनलाइन खेळांत ‘लिंबूटिंबूं’ची शिकार का होते? त्यांना वाचवणे खेळाच्याच हिताचे कसे?

लपाछपी किंवा डबा ऐसपैस खेळताना एखादे लहान मूल येऊन मिसळले, की मोठी मुले त्याला ‘कच्चं लिंबू’ ठरवतात. ते सापडले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ऑनलाइन खेळांत अशी सवलत आपोआप मिळत नाही. पहिल्याच दिवशी वर्षानुवर्षे मुरलेला एखादा खेळाडू नवख्याला गाठतो, मारतो आणि त्याच्याकडचे सगळे घेऊन जातो. काही जण पुन्हा प्रयत्न करतात, बरेच जण तिथेच खेळ सोडतात. गेली जवळपास तीन दशके खेळ बनवणाऱ्या कंपन्या या प्रश्नाशी झुंजत आहेत. कारण नवखे आलेच नाहीत, तर मुरलेल्या खेळाडूंचे जगही हळूहळू ओस पडते.

‘पीव्हीपी’ म्हणजे काय?

‘प्लेअर व्हर्सेस प्लेअर’ म्हणजे खेळाडू विरुद्ध खेळाडू. समोरचा शत्रू संगणकाने चालवलेला राक्षस नसून दुसऱ्या टोकाला बसलेला खराखुरा माणूस असतो. याचे दोन ठळक प्रकार आहेत. पहिल्यात सामना ठरलेला असतो. दोन्ही बाजू तयारीने उतरतात, सामना संपला की पाटी कोरी होते. दुसऱ्यात खेळाचे जग कायम सुरू असते आणि कोणीही कोणावरही, कधीही हल्ला करू शकतो. मेलेल्याचे सामान मारणाऱ्याला लुटता येते. नवख्यांचे खरे हाल होतात ते या दुसऱ्या प्रकारात. तिथे हरणे म्हणजे केवळ एक डाव गमावणे नसते. आठवडाभर खपून जमवलेली शस्त्रे, जहाज किंवा घर काही क्षणांत हातचे जाते.

नवखेच सावज का ठरतात?

याचे पहिले कारण साधे आहे. नवख्याला मारणे स्वस्त पडते. त्याच्याकडे शस्त्र नसते, पळायच्या वाटा ठाऊक नसतात आणि मदतीला कोणी नसते. तुल्यबळ खेळाडूशी भिडण्यात स्वतःचे सामान गमावण्याचा धोका असतो, इथे तो जवळपास नसतो. दुसरे कारण मानवी स्वभावाचे आहे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा केवळ मजकुरावर चालणारा बहुखेळाडू खेळ घडवला. बार्टल यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात अशा खेळांतील माणसांचे चार प्रकार सांगितले : यश मिळवणारे, धुंडाळणारे, गप्पांत रमणारे आणि इतरांवर हुकमत गाजवण्यात आनंद मानणारे. या चौथ्या गटाला त्यांनी ‘किलर्स’ म्हटले. मारेकऱ्यांची संख्या वाढली की गप्पांत रमणारे निघून जातात आणि त्यांच्यामागून इतरही पांगतात, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या एका खेळात तो मोठ्या प्रमाणावर अनुभवास आला.

‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये काय घडले?

सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला. रिचर्ड गॅरियट यांच्या ओरिजिन सिस्टिम्स कंपनीचा हा खेळ, मुख्य रचनाकारांत राफ कोस्टर. हजारो माणसे एकाच काल्पनिक राज्यात राहतील, सुतारकाम करतील, मासे पकडतील, घरे बांधतील, अशी कल्पना होती. दरमहा सुमारे दहा डॉलर मोजून लोक आलेही. शहरात पहारेकरी होते, गुन्हेगाराला ते जागीच ठार करत. पण वेशीबाहेर पाऊल टाकले की बळी तो कान पिळी. लाकूड तोडायला किंवा खाणीत निघालेला नवखा टोळक्याच्या हाती सापडे. त्याचे प्रेत लुटले जाई आणि तो भूत होऊन पुन्हा जिवंत करणाऱ्याचा शोध घेत भटके.

कंपनीने उपाय करून पाहिले. मारेकऱ्यांची नावे लाल अक्षरांत दिसू लागली, त्यांच्या डोक्यावर इनाम लागले, गुन्ह्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था आली. पण प्रत्येक नियमाला पळवाट सापडत गेली. खेळाडूच एकमेकांना वठणीवर आणतील, ही आशा फोल ठरली. खून करणाऱ्याला वेळ होता, चिकाटी होती आणि गमावण्यासारखे थोडे होते. प्रामाणिक सुताराला मात्र दिवसभराचे काम सोडून दरोडेखोरांच्या मागे धावणे परवडत नव्हते. त्यातच मार्च १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ हा स्पर्धक आला. त्याच्या बहुतांश सर्व्हरवर खेळाडूने स्वतःहून मान्यता दिल्याशिवाय दुसऱ्या खेळाडूला त्याच्यावर हल्ला करता येत नव्हता. पाहता पाहता ग्राहकसंख्येत तो पुढे गेला.

दोन जगांची तोड कितपत चालली?

२००० मध्ये ‘अल्टिमा’ने जगाची हुबेहूब दुसरी प्रत तयार केली. मूळ जगाचे नाव फेलुका, नव्याचे ट्रॅमेल. ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय कोणालाही मारता येत नव्हते. बहुतेक खेळाडूंनी तिकडे मुक्काम हलवला. २००३ च्या सुमारास खेळाची सदस्यसंख्या अडीच लाखांच्या घरात पोहोचली. व्यवसाय म्हणून निर्णय लाभला.

तरीही त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. फेलुकातील जुन्या खेळाडूंचे म्हणणे असे, की धोका गेला तसा थरारही गेला. दरोडेखोर होते म्हणून सोबतीला माणसे लागत, ओळखी होत, गावे एकजूट होत. या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्या थराराची किंमत कोण मोजत होते, हेही पाहायला हवे. मेंढ्यांना निवड मिळताच त्या निघून गेल्या आणि लांडग्यांच्या वाट्याला फक्त लांडगे उरले. पुढे फेलुकात माणसे यावीत म्हणून तिथे खनिजे आणि लाकूड दुप्पट मिळण्याची सोय करावी लागली. धोका हवा त्याने पत्करावा आणि त्याचा मोबदला घ्यावा, हे सूत्र तेव्हापासून अनेक खेळांनी उचलले.

‘ईव्ह ऑनलाइन’ने वेगळी वाट कशी धरली?

आइसलँडमधील ‘सीसीपी’ कंपनीने मे २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातील खेळाने जगाची विभागणी टाळली. तिथे प्रत्येक तारामंडळाला १.० ते उणे १.० असा सुरक्षेचा दर्जा असतो. वरच्या दर्जाच्या भागात ‘कॉनकॉर्ड’ नावाचे पोलीस आहेत. मात्र ते गुन्हा थांबवत नाहीत, गुन्हेगाराला शिक्षा करतात. हल्ला झाल्यावर ते काही सेकंदांनी पोहोचतात आणि हल्लेखोराचे जहाज हमखास उडवतात. तेवढ्या सेकंदांत बळीचे जहाज फुटलेले असू शकते.

याचा फायदा घेऊन टोळ्या स्वस्त जहाजे घेऊन येतात, मौल्यवान माल नेणाऱ्याला एकदम झोडपतात, स्वतःची जहाजे पोलिसांच्या हाती गमावतात आणि मागे थांबलेला साथीदार अवशेषांतला माल उचलतो. उडालेल्या जहाजातले साधारण अर्धे सामान शिल्लक राहते. टोळीची जहाजे त्या मालापेक्षा स्वस्त असतील तर सौदा फायद्याचा. ‘जे गमावणे परवडत नाही, ते घेऊन उडू नका’ हा तिथला पहिला धडा त्यातूनच आला. अर्थात नवख्यांसाठी एक लक्ष्मणरेषा आहे. ते जिथून सुरुवात करतात, त्या ठरावीक तारामंडळांत त्यांना छळण्यास कंपनीची मनाई असून ती मोडणाऱ्यावर कारवाई होते.

मग नवखे तिथे टिकतात कसे?

याचे उत्तर नियमांपेक्षा माणसांत अधिक आहे. २००४ पासून तिथे ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ ही खेळाडूंनीच चालवलेली संस्था आहे. स्वयंसेवक वर्ग घेतात, नवख्यांना तुकडीत सोबत नेतात. नवख्याला पहिल्या दिवसापासून कामही असते. लहान, स्वस्त जहाज घेऊन शत्रूच्या मोठ्या जहाजाजवळ जायचे आणि विशिष्ट यंत्राने त्याला पळू द्यायचे नाही. तोवर मागून येणारे अनुभवी साथीदार त्याचा समाचार घेतात. यात नवख्याचे जहाज फुटते, पण ते स्वस्त असते आणि पुष्कळदा गटच भरून देतो.

कौशल्यांची रचनाही नवख्याला सांभाळून घेते. प्रत्येक कौशल्याच्या पाच पायऱ्या असतात आणि त्यातली पाचवी चढायलाच सर्वाधिक वेळ लागतो. त्यामुळे एकाच प्रकारच्या जहाजावर लक्ष देणारा नवखा थोड्या काळात जुन्या खेळाडूच्या बराच जवळ पोहोचतो.

‘सीसीपी’ने २०१५ मधील आपल्या मेळाव्यात सुमारे ८० हजार नव्या खेळाडूंच्या पहिल्या १५ दिवसांचा आढावा मांडला होता. सुरक्षित भागात बेकायदा मारले गेलेले जेमतेम एक टक्का निघाले. शिवाय ज्यांना कोणीच मारले नाही, त्यांच्यापेक्षा मारले गेलेले खेळाडू अधिक टिकल्याचे दिसले. यावरून मार खाणे हिताचे, असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. मुळात धीट, इतरांत मिसळणारे खेळाडूच धोक्याच्या जागी जात असणार. पण एक गोष्ट यातून दिसते. एकट्याने, कंटाळून खेळ सोडणाऱ्यांची संख्या मोठी असते आणि ती केवळ लुटारूंवर बोट ठेवून कमी होत नाही.

इतर कंपन्यांचा अनुभव काय?

‘ॲमेझॉन’चा ‘न्यू वर्ल्ड’ हा खेळ सुरुवातीला खुल्या लढाईसाठीच आखला होता. चाचणीत बलाढ्य खेळाडू नवख्यांना सतत मारत सुटल्याचे दिसले. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने धोरण बदलून लढाई ऐच्छिक केली. २०२१ मध्ये खेळ बाजारात आला तो या बदलासह. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००४ पासून लढाईचे आणि शांततेचे सर्व्हर वेगळे होते. २०१८ मध्ये तिथे प्रत्येक खेळाडूच्या हाती स्वतंत्र बटण आले. लढाई चालू ठेवणाऱ्याला थोडे जादा फळ मिळते.

‘सी ऑफ थीव्ज’ या समुद्री चाच्यांच्या खेळाने डिसेंबर २०२३ मध्ये ‘सेफर सीज’ हा सुरक्षित पर्याय दिला. तिथे लुटारू नाहीत, पण सुरुवातीला सोनेही नेहमीच्या ३० टक्केच मिळत असे. ‘एस्केप फ्रॉम टारकोव्ह’च्या कंपनीने मात्र हात पोळून घेतले. एप्रिल २०२४ मध्ये तिने इतर खेळाडूंशिवाय खेळण्याची सोय २५० डॉलरच्या नव्या आवृत्तीत आणली. भविष्यातील सर्व भर मिळेल या आश्वासनावर आधीची महागडी आवृत्ती घेतलेले खेळाडू खवळले आणि कंपनीला त्यांनाही ती सोय द्यावी लागली. शांतपणे खेळता यावे यासाठी लोक किती आग्रही आहेत, हे त्यातून दिसले.

मोबाइलवरील खेळांत काय होते?

महाराष्ट्रात बहुसंख्य मुलांची गाठ पडते ती ‘बीजीएमआय’ किंवा ‘फ्री फायर’शी. इथे प्रत्येक सामना रिकाम्या हाताने सुरू होतो. त्यामुळे गमावायचे असते ते अर्ध्या तासाचे श्रम आणि क्रमवारीतले गुण. नवख्याला वाचवण्याची जबाबदारी इथे जोड्या लावणाऱ्या गणितावर असते. बुद्धिबळात अर्पाद एलो यांच्या पद्धतीने खेळाडूचे गुणांकन होते, तसाच अंदाज बांधून तुल्यबळांना एकत्र आणले जाते. जोडीला बॉट असतात, म्हणजे संगणकाने चालवलेले कच्चे खेळाडू. ‘फोर्टनाइट’ने २०१९ मध्ये आणि संगणकावरील ‘पब्जी’ने २०२० मध्ये असे बॉट आणले. मोबाइलवरही खालच्या क्रमवारीत ते भेटतात. पहिल्या काही सामन्यांत सहज जिंकणारा मुलगा पुढे अचानक हरू लागतो, त्याचे एक कारण हेच. त्याचा खेळ बिघडलेला नसतो, समोरचे बॉट जाऊन माणसे आलेली असतात.

नवख्याने काय करावे?

एकटे खेळू नये. नवख्यांना शिकवणारा गट शोधावा. सगळी पुंजी एकदम सोबत नेऊ नये. मेल्यावर लगेच सूड घ्यायला धावू नये. आपण कुठे उभे होतो आणि समोरच्याने आपल्याला आधी कसे पाहिले, हे तपासावे. सुरुवात केव्हा करायची, हेही महत्त्वाचे. दगड आणि मशाल घेऊन सुरू होणाऱ्या ‘रस्ट’मध्ये महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सर्व्हरवरचे जग पुसले जाते. त्या दिवशी जुनाही रिकाम्या हातानेच उतरतो. तिथे खेळ बंद केला तरी आपले पात्र जगात झोपलेले असते, म्हणून निजण्याआधी निवारा हवा.

नियमांत राहून मारणे हा खेळाचा भाग आहे. शिवीगाळ, पाठलाग, खऱ्या आयुष्यातल्या धमक्या हा नाही. अशा वेळी समोरच्याचा आवाज बंद करावा, तक्रार नोंदवावी. मुलांनी हे घरी सांगावे आणि घरच्यांनीही ‘खेळच तो’ म्हणून उडवून लावू नये.

जुन्या खेळाडूंसाठीही यात एक हिशेब आहे. अंगणातली मोठी मुले ‘कच्चं लिंबू’ चालवून घेत, कारण पुढच्या वर्षी खेळायला भिडू लागणार हे त्यांना ठाऊक होते. आजचा लिंबूटिंबू पळून गेला, तर उद्या समोर उभे राहायला कोणी उरणार नाही.